कॉलिन्सचे ६२८ आणि आपल्या गावच्या सामन्याची वही

६ धावांचा फटका १, ५ चे ४, ४ चे ३१, ३ चे ३३, २ चे १४६ आणि १ चे ८७. कागद-पेन घेऊन बेरीज करा: ६ + २० + १२४ + ९९ + २९२ + ८७. बरोबर ६२८ येतात. आर्थर कॉलिन्स नावाच्या १३ वर्षांच्या पोराने जून १८९९ मध्ये ब्रिस्टॉलच्या क्लिफ्टन कॉलेजच्या मैदानावर या धावा काढल्या, आणि नाबाद राहिला. त्यानंतर ११६ वर्षं, नोंद असलेल्या कुठल्याही पातळीच्या सामन्यात, एका डावात एवढ्या धावा कोणी केल्या नाहीत. १९१४ च्या नोव्हेंबरात हाच पोरगा बेल्जियमच्या लढाईत मारला गेला. वय २९.

सोयाबीन निघून वावरं मोकळी झाली की आपल्याकडे गावोगावी टेनिस बॉलचे खुले सामने सुरू होतात. पहिलं बक्षीस, दुसरं बक्षीस, मॅन ऑफ द सिरीजची शिल्ड, मंडप, माईकवरची कॉमेंट्री, सगळं असतं. स्कोअरची वही मात्र अंतिम सामना झाला की कुठे जाते ते कोणालाच ठाऊक नसतं. कॉलिन्सचा डाव आज फटक्या-फटक्याने मोजता येतो, कारण तो लिहिला गेला आणि ती वही सांभाळली गेली. आपल्या गावांत सामने लिहिणाऱ्यांसाठी हा डाव नीट उलगडून सांगतो आणि मग वही कशी लिहायची त्याकडे येतो.

आर्थर एडवर्ड जे. कॉलिन्सचा जन्म १८ ऑगस्ट १८८५ चा, हजारीबागचा. म्हणजे आजच्या झारखंडातला. वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमध्ये न्यायाधीश होते. आर्थर क्लिफ्टनला शिकायला आला त्याआधीच आईवडील दोघंही वारले होते. क्लिफ्टनच्या नावात कॉलेज असलं तरी ती शाळा, आणि तिथली मुलं वेगवेगळ्या हाउसमध्ये वाटलेली. ज्या सामन्यात ६२८ झाले तो शाळेच्या संघाचा सामना नव्हता. लहान मुलांचा, दोन हाउसमधला सामना होता: क्लार्क्स हाउस विरुद्ध नॉर्थ टाउन. मोठी मुलं, मोठे सामने आणि चांगली मैदानं यांच्यातून उरलेल्या जागेत आणि उरलेल्या वेळेत तो खेळवला गेला.

गुरुवार, २२ जून १८९९. कॉलिन्स दुपारी साडेतीनच्या सुमारास खेळायला उतरला. सहा वाजता खेळ थांबला तेव्हा तो २०० वर नाबाद होता. वाटेत ५०, १०० आणि १४० वर त्याचे झेल सुटले. दुसऱ्या दिवशी शाळेत बातमी पसरली आणि बघ्यांची गर्दी झाली. ४०० वर परत एक झेल सुटला, तो मैदानातल्या सगळ्यात लहान, ११ वर्षांच्या खेळाडूकडून. संध्याकाळी कॉलिन्सने ४८५ चा आकडा ओलांडला. हा तोवरचा सर्वोच्च डाव होता, अँड्र्यू स्टॉडार्टने १८८६ मध्ये हॅम्पस्टेड क्लबसाठी केलेला. स्टॉडार्ट इंग्लंडचा कर्णधार राहिलेला माणूस. त्याचा विक्रम एका १३ वर्षांच्या पोराने हाउस मॅचमध्ये मोडला. खेळ संपला तेव्हा कॉलिन्स ५०९, संघ ८ बाद ६८०.

सोमवारी जेमतेम ५५ मिनिटांचा खेळ झाला. कॉलिन्स ५९८, संघ ९ बाद ८०४. मंगळवारी शेवटची जोडी फुटली आणि डाव ८३६ वर संपला. एक बाजू लावून धरलेला कॉलिन्स ६२८ वर उभाच राहिला. मैदानावर एकूण वेळ सात तासांना थोडा कमी, म्हणजे ताशी साधारण ९० धावा. बाकीचे दहा जण आणि अवांतर धरून २०८.

मग त्याने बॉलिंग केली. पहिल्या डावात ३३ धावांत ७, दुसऱ्या डावात ३० धावांत ४. नॉर्थ टाउन ८७ आणि ६१. क्लार्क्स हाउस एक डाव ६८८ धावांनी जिंकलं. ८३६ मधून ८७ आणि ६१ वजा करून बघा.

आता या आकड्यांत मैदान कसं दिसतं ते बघू. धावा निघाल्या असे फटके एकूण ३०२. त्यांतले १४६, म्हणजे जवळपास निम्मे, दोन-दोन धावांचे आहेत, आणि ३३ तीन-तीनचे. मैदानाच्या एका बाजूला साधारण ७० यार्डांवर भिंत होती, म्हणजे ६४ मीटर, आणि जवळच्या सीमांना २ धावाच मिळत. दुसऱ्या बाजूला लांबवर उतरत गेलेला उतार, आणि त्या उताराकडे गेलेल्या चेंडूवर धावा पळूनच काढायच्या. सिक्स एकच का, याचंही कारण आहे. त्या काळी इंग्लंडमध्ये चेंडू नुसता सीमेवरून गेला म्हणून ६ मिळत नसत. तो मैदानाच्याच बाहेर जावा लागे. हा नियम १९१० मध्ये बदलला. ओव्हरही तेव्हा इंग्लंडमध्ये ५ चेंडूंची होती, ६ ची झाली १९०० पासून. हे ठाऊक नसलेला माणूस आजच्या हिशेबाने ती वही वाचायला बसला तर पदोपदी अडखळेल.

आणि आता खरी गोष्ट. स्कोअरर एडवर्ड पेगलरने स्वतःच पुढे सांगितलं की ६२८ मध्ये २० इकडे किंवा २० तिकडे धरा. पण वर केलेली बेरीज तर तंतोतंत जुळते! दोन्ही खरं आहे, आणि वही लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे नीट समजून घ्यावं. फटक्यांची बेरीज जुळली म्हणजे लिहिलेलं बरोबर मोजलं, एवढंच सिद्ध होतं. जो फटका लिहायचाच राहिला, किंवा ज्या दोन धावा तीन म्हणून लिहिल्या, किंवा जोडीदाराच्या धावा कॉलिन्सच्या नावावर पडल्या, ते या बेरजेत दिसणारच नाही. ते पकडायला एकाच चेंडूची नोंद दोन-तीन वेगळ्या जागी लागते. चार दिवस तुकड्या-तुकड्याने चाललेला डाव, त्यात एकच पोरगा ठोकतोय आणि गर्दी वाढतेय, अशा वेळी स्कोअररच्या हातून २० धावांची गफलत होणं मला मुळीच नवल वाटत नाही. पेगलरने ते कबूल केलं याचा मला आदर वाटतो. ती वही क्लिफ्टनने जपून ठेवली आहे, आणि ज्या मैदानावर हे घडलं त्याला आज कॉलिन्सचंच नाव आहे.

विक्रम मोडला तो आपल्या महाराष्ट्रात. ४ आणि ५ जानेवारी २०१६ ला कल्याणमध्ये, के. सी. गांधी स्कूलच्या प्रणव धनावडेने आर्य गुरुकुलविरुद्ध भंडारी कपच्या सामन्यात नाबाद १००९ केले, ३२७ चेंडूंत. पहिल्या दिवसअखेरच तो ६५२ वर होता. शाळेने ३ बाद १४६५ वर डाव सोडला आणि समोरचा संघ ३१ आणि ५२ वर गेला. या डावाचीही फोड करून बघा: १२९ चौके म्हणजे ५१६, ५९ छक्के म्हणजे ३५४, दोन्ही मिळून ८७०. उरले फक्त १३९, तेवढेच पळून काढलेले. कॉलिन्सचं वेगळं. त्याच्या ६२८ मध्ये चार आणि सहाचे फटके मिळून १३० धावा होतात. दोन्ही पोरं शाळकरी, दोघांसमोर कच्ची बॉलिंग, पण मैदानं वेगळी आणि काळही वेगळा. कोण मोठा यावर वाद घालण्यापेक्षा या दोन वह्या शेजारी ठेवून वाचाव्यात. फोड लिहिलेली होती म्हणून तर हे वाचता येतं.

एवढा डाव खेळूनही कॉलिन्स प्रथम श्रेणीचा एकही सामना खेळला नाही. शाळा संपवून तो वुलिचच्या लष्करी अकादमीत गेला आणि १९०४ मध्ये रॉयल इंजिनिअर्समध्ये अधिकारी झाला. क्रिकेट सुटलं नाही, पण ते सैन्यातलं क्रिकेट होतं. १९१३ मध्ये लॉर्ड्सवर रॉयल इंजिनिअर्सकडून रॉयल आर्टिलरीविरुद्ध त्याने ५८ आणि ३६ केले. १९१४ च्या वसंतात लग्न झालं. ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झालं.

इंजिनिअर्सच्या फील्ड कंपनीचं काम म्हणजे खंदक खणणं, काटेरी तार लावणं, पूल उभारणं आणि गरज पडली तर उडवणं. पण बेल्जियममधल्या ईप्रच्या पहिल्या लढाईत ऑक्टोबर-नोव्हेंबर १९१४ मध्ये ब्रिटिश फळी इतकी पातळ झाली होती की फावडी चालवणाऱ्यांनाही रायफल घेऊन उभं राहावं लागलं. ११ नोव्हेंबरला जर्मनांनी त्यांची निवडक प्रशियन गार्ड मेनिन रस्त्याच्या पट्ट्यात पुढे घातली. कॅप्टन कॉलिन्स ५ व्या फील्ड कंपनीत होता. आपल्या खंदकाची बगल सांभाळायला आणखी माणसं हवी होती, ती बोलावण्यासाठी तो खुणा करत असताना त्याला गोळी लागली. त्याला ओढून खंदकात आणलं, पण तासाभरात तो गेला. थडगं आज सापडत नाही. ईप्रच्या मेनिन गेट या स्मारकावर, ज्यांना थडगं नाही अशा ५४ हजारांहून जास्त नावांत त्याचं नाव कोरलेलं आहे. त्याच भिंतींवर तिथे पडलेल्या हिंदुस्थानी सैनिकांचीही नावं आहेत. कॉलिन्सचा धाकटा भाऊ हर्बर्टही याच युद्धात, १९१७ मध्ये मारला गेला.

असे आणखी आहेत. वॉरविकशायरचा पर्सी जीव्हज, मध्यमगती बॉलर, ५० प्रथम श्रेणी सामन्यांत १९९ बळी, सरासरी २०.०३. जुलै १९१६ मध्ये फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत हाय वूडजवळ गेला, देह मिळाला नाही. २०० व्या बळीची जागा त्याच्या खात्यात कायमची रिकामी राहिली. ऑस्ट्रेलियाचा नॉर्मन कॅलवे, फेब्रुवारी १९१५ मध्ये सिडनीला क्वीन्सलंडविरुद्ध पहिल्याच प्रथम श्रेणी डावात २०७. मे १९१७ मध्ये फ्रान्समध्ये बुलकूरला मारला गेला. दुसरा डाव झालाच नाही, म्हणून त्याची सरासरी आजही २०७ आहे. ही माणसं आपल्याला कळतात ती स्कोअरबुकांमुळे. मेनिन गेटवरचं नाव एवढंच सांगतं की हा माणूस होता आणि गेला. त्याने १४६ वेळा दोन-दोन धावा काढल्या, हे त्या दगडावर कुठे?

आपल्या गावांतून सैन्यात, एसआरपीत, सीआरपीएफमध्ये भरती होणारी बहुतेक पोट्टी सकाळी पळतात आणि संध्याकाळी बॅट घेऊन मैदानावर असतात. त्यांचे ३० चेंडूंतले ७०, हॅटट्रिका, सीमेवर धुऱ्यालगत पकडलेले झेल कुठेही लिहिलेले नाहीत. खापरखेड्याजवळच्या वलनीच्या खाण-वस्तीत टेनिस बॉल खेळत वाढलेला उमेश यादव पुढे भारतासाठी खेळला. असा एक पुढे जातो तेव्हा मागे शंभर जण असतात, आणि त्यांच्यासाठी वही हीच काय ती जागा.

तर वही.

छापील स्कोअरबुक तालुक्याच्या खेळाच्या दुकानात मिळतं. ते नसेल तर लांब रजिस्टर घ्या आणि एका डावाला समोरासमोरची दोन पानं द्या. डावीकडे बॅट्समन, अवांतर आणि एकूण धावांची चढती ओळ, उजवीकडे बॉलर. पहिला बॉल पडायच्या आधी पानाच्या माथ्यावर लिहायचं: तारीख सालासकट, गाव, तालुका, स्पर्धेचं नाव, किती ओव्हरचा सामना, टॉस कोणी जिंकला, अंपायर कोण, लिहिणारा कोण. आणि मैदानाचे नियम. हे सगळ्यात जास्त राहून जातं. आपल्याकडे प्रत्येक मैदानाचं वेगळं असतं: नाल्याकडे गेला तर २, तुरीत गेला तर ४ पण टप्प्याने, शाळेच्या छतावर थेट गेला तर आउट, लेग बाय धरायचे नाहीत. गावातल्या माणसाला हे पाठ असतं म्हणून कोणी लिहीत नाही. वीस वर्षांनी तीच वही वाचताना कळत नाही की एका बॅट्समनच्या २६ धावांत एकही चौका का नाही. मैदानाचं लहानसं रेखाचित्र काढून चारही बाजूंची सीमा पावलांनी मोजून लिहिली तर आणखी चांगलं. काळ्या मातीचं मैदान भेगाळतं, म्हणून पिच मुरमाचं आहे की मॅट टाकलंय, तेही लिहा.

नावं पूर्ण लिहा. बाल्या, पिंट्या, छोटू, अण्णा असं लिहिलेल्या वहीचा पाच वर्षांत काही उपयोग राहत नाही. सातबाऱ्यावर असतं तसं स्वतःचं, वडलांचं आणि आडनाव, आणि पाहुणा खेळाडू असेल तर त्याचं गाव. एकाच आडनावाचे चार जण एका संघात असणं आपल्याकडे नेहमीचं. सामन्याआधी दोन्ही कर्णधारांकडून यादी लिहून घ्या, कारण सामना सुरू झाल्यावर कोणी नीट सांगत नाही.

प्रत्येक चेंडू तीन ठिकाणी लिहायचा: बॅट्समनच्या ओळीत, बॉलरच्या चौकोनात आणि एकूण धावांच्या ओळीत. हाच क्रम ठेवा, रोज तोच, म्हणजे हात चुकत नाही. धाव नाही तर टिंब. वाइड म्हणजे अधिकचं चिन्ह. नो बॉलला गोल, आणि बॅटने धावा झाल्या तर त्या गोलाच्या आत. बायला सरळ त्रिकोण, लेग बायला उलटा. विकेटला डब्ल्यू. पूर्ण ओव्हर निर्धाव गेली तर सहाही टिंबं जोडून एम करतात.

वाइडवर पळून काढलेल्या धावाही वाइडमध्येच जातात आणि बॉलरच्या खात्यावर पडतात. वाइड बॉल थेट सीमेपार गेला तर ५ वाइड, त्यात बॅट्समनला काही नाही. नो बॉलची १ धाव अवांतर, बॅटने मारलेल्या बॅट्समनच्या, आणि दोन्ही बॉलरच्या अंगावर. बाय आणि लेग बाय बॉलरच्या अंगावर येत नाहीत. बॅट्समनने किती चेंडू खेळले ते मोजताना नो बॉल धरायचा, वाइड धरायचा नाही. आपल्याकडच्या निम्म्या वह्यांत हे उलटं लिहिलेलं असतं आणि मग स्ट्राइक रेटवरून बक्षीस देताना भांडण होतं.

डाव संपला की ताळा करायचा. समजा ८ ओव्हरमध्ये ८० झाले. बॅट्समनच्या धावा ७१, वाइड ५, नो बॉल १, बाय ३. बेरीज ८०. आता उजवीकडे या. बॉलरांनी दिलेल्या धावा ७७ यायला हव्यात, म्हणजे ७१, ५ आणि १. त्यात बायचे ३ मिळवले की ८०. तिसरी बेरीज चढत्या ओळीतली, तीही ८०. तीन जागी तीनदा ८० आले की पान बंद करायचं. बॅट्समनची बाजू कमी येते पण बाकी दोन जुळतात, तर बॅट्समनच्या ओळीत एखादी धाव टाकायची राहिली आहे. बॉलर आणि चढती ओळ यांत १ चा फरक असेल तर बहुधा वाइड. ४ चा असेल तर चौका गेला कुठेतरी. पण फरक काढण्यासाठी कोणाच्याही नावावर धाव चिकटवू नका. सापडली नाही तर खाली लिहा, १ धाव जुळत नाही, आणि सही करा. पेगलरची २० धावांची कबुली शेवटच्या पानावर असती तर पुढच्यांचं काम सोपं झालं असतं.

हा ताळा एक चूक मात्र पकडत नाही: धावा बरोबर, पण भलत्याच बॅट्समनच्या नावावर. दोन सारख्या अंगाचे भाऊ एकाच रंगाचा टी-शर्ट घालून खेळत असले की हमखास. यावर उपाय असा: बॉलरच्या चौकोनात धाव लिहिताना तिच्या खाली बारीक अक्षरात बॅट्समनचा क्रमांक लिहायचा. ४ खाली ३, म्हणजे तिसऱ्या क्रमांकाच्याने चौका मारला. किंवा प्रत्येक बॉलरला वेगळ्या रंगाचं पेन द्या आणि बॅट्समनच्या ओळीतही त्याच रंगाने लिहा. मग कोणी कोणाला किती मारले ते पानावर बघताच दिसतं, आणि ओव्हर परत जुळवता येते.

स्ट्राइक बदलण्यात चुका होतात त्या तीन जागी: ओव्हरच्या शेवटच्या चेंडूवर एकेरी धाव, रनआउट, आणि झेल. रनआउटमध्ये गेला कोण आणि किती धावा पूर्ण झाल्या होत्या हे अंपायरला विचारूनच लिहा. झेलाचा नियम ऑक्टोबर २०२२ पासून बदललाय. आधी बॅट्समन एकमेकांना ओलांडून गेले असतील तर नवा माणूस दुसऱ्या टोकाला यायचा, आता तो स्ट्राइकलाच येतो, ओव्हर संपली नसेल तर. गावातले बरेच सामने अजून जुन्याच पद्धतीने चालतात. जो नियम पाळला तो माथ्यावर लिहा.

अंपायरकडून कधी ५ चेंडूंची ओव्हर होते, कधी ७ ची. ती तशीच लिहायची. नियमानेही अंपायरने मोजलेली ओव्हर ग्राह्य असते, स्कोअररने नंतर तिला सहाची करायचा प्रश्न येत नाही. शक्यतो लिहिणारे दोन बसवा, दोन्ही संघांचा एकेक, एका वहीला एक, आणि प्रत्येक ओव्हरनंतर एकाने मोठ्याने आकडा म्हणायचा, दुसऱ्याने हो म्हणायचं. जमलं नाही तर त्याच ओव्हरपुरतं शोधायचं असतं. डावाच्या शेवटी शोधायला बसलात तर सापडत नाही. माईकवाल्याला वहीजवळ बसवू नका. तो विचारत राहतो आणि टिंबं सुटतात.

खाडाखोड करू नका. चुकलेल्यावर एक आडवी रेघ, शेजारी बरोबर आकडा. सुटलेल्या झेलाला स्कोअरबुकात जागा नसते, पण समासात लिहा: अमुक धावांवर, अमुक जागी सुटला. कॉलिन्सचे झेल कुठल्या आकड्यांवर सुटले ते आज सांगता येतं, आणि त्याशिवाय तो डाव खरा समजत नाही.

मोबाइलवर स्कोअर टाकणारी अॅप आता गावागावात आहेत आणि ती वापरावीतच, ताळा ती आपोआप करतात. पण चौथ्या सामन्यापर्यंत फोनची बॅटरी उतरते, नेट जातं, नाल्याकडचे २ वाला नियम अॅपमध्ये बसत नाही म्हणून कोणीतरी तो बाय म्हणून टाकतो. आणि खातं ज्या पोराच्या नंबरवर आहे तो नंबर बदलला की सगळं गेलं. म्हणून कागद आधी, फोन नंतर.

बॉलपेननेच लिहा. जेल पेनची शाई घामाच्या हाताने आणि दवाने पसरते. सामना संपला की दोन्ही पानांचा फोटो काढून दोन्ही संघांच्या ग्रुपवर टाका. वही पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत बंद ठेवली तर आतल्या ओलीने बुरशी येते. जुन्या सुती कापडात गुंडाळून, भिंतीला न टेकवता, जमिनीपासून उंच ठेवा, कारण मातीच्या घरात वाळवी भिंतीतून येते. मंडळाच्या अध्यक्षाच्या घरी ठेवू नका. अध्यक्ष बदलतो आणि वही राहून जाते. गावातलं वाचनालय किंवा शाळा बरी, आणि देताना पहिल्या पानावर लिहून द्या की ही वही कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतची आहे.

कोणाच्या घरी जुन्या वह्या निघाल्या आणि त्यांवर साल नसेल तर आधी मंडळाच्या कपाटातल्या शिल्डी बघा, त्यांवर साल आणि स्पर्धेचं नाव कोरलेलं असतं. नंतर स्पर्धेच्या पत्रिका, त्यांवर तारखा आणि प्रवेश फी असते. विजेता संघ आणि अंतिम सामन्याचा आकडा जुळला की साल पेन्सिलने वर लिहायचं आणि कशावरून काढलं तेही शेजारी लिहायचं. मग ज्यांची नावं टोपणनावाने आहेत त्या माणसांना, ती गावात आहेत तोवर, वही घेऊन जाऊन दाखवायची आणि पूर्ण नावं भरून घ्यायची.